पाठवणी

जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या चर्चमध्ये उजव्या हाताला मान उंच करून पाहिलं की चांदीची एक पेटी दिसते. तिच्यात ‘गोंयचो सायब’ आहे, म्हणजे फ्रान्सिस झेवियर. साधारण दहा वर्षांनी एकदा ते शव दर्शनासाठी खाली उतरवतात आणि मग मांडवीकाठी माणसांचा पूर लोटतो. तिथे बघण्यासारखं पुष्कळ आहे. माझं मन मात्र त्या चांदीपाशी ठरत नाही. ते जातं कागदाच्या काही कपट्यांकडे.

१० मे १५४६ रोजी झेवियरने आजच्या इंडोनेशियातल्या अंबोन बेटावरून युरोपातल्या सोबत्यांना पत्र लिहिलं. त्यात तो सहज सांगून जातो, की तुमच्या पत्रांवर तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलेली तुमची नावं मी कापून घेतली आहेत आणि ती कायम जवळ बाळगतो. पुढे तो वारला तेव्हा त्याच्या छातीशी एक लहानशी डबी मिळाली. तिच्यात इग्नेशियस लॉयोलाची सही होती.

आता गंमत पाहा. हा माणूस ज्या संघाचा, त्या जेझुइट संघाची सगळी कीर्ती मुळी सोडण्याबद्दल. घर सोडा, देश सोडा, मानमरातब सोडा, सांगितलं की निघा. झेवियरने ते सगळं सोडलं होतं. आणि मग दुनियेच्या त्या टोकाला बसून हा गृहस्थ पत्रांतल्या सह्या कापत होता, एखाद्या सासुरवाशिणीने माहेरचा रुमाल उशाखाली ठेवावा तसा! हे काय प्रकरण आहे?

आपल्या मनात वैराग्याचं एक पक्कं चित्र आहे. संन्यास घेणारा शेंडी-जानवं उतरवतो, स्वतःचं श्राद्ध स्वतः करतो, जुनं नाव टाकतो. घराच्या दृष्टीने तो मेला. परतीची वाट नाही. विठ्ठलपंत संन्यासातून संसारात परत आले तर आळंदीने त्यांचं आणि त्यांच्या लेकरांचं काय केलं ते आपण पिढ्यान्पिढ्या ऐकत आलो. म्हणून ‘आसक्ती सोडली’ असं कुणी म्हटलं की आपल्याला तुटलेला दोर दिसतो. इग्नेशियसच्या डोक्यात दोर नव्हता. त्याच्या डोक्यात तराजू होता.

इग्नेशियस, या संघाचा संस्थापक, स्पेनच्या बास्क मुलखातला लढवय्या सरदार. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या किल्ल्यावर तोफेच्या गोळ्याने पाय मोडला आणि अंथरुणात पडल्या पडल्या त्याचं आयुष्य दुसरीकडे वळलं. त्यानंतर त्याने स्वतःच्या मनाचं जे निरीक्षण केलं, त्यातून एक वही तयार झाली. तिला पुढे ‘आध्यात्मिक साधना’ अशा अर्थाचं नाव मिळालं आणि १५४८ मध्ये पोपची मान्यताही. ही वाचायची वही नव्हेच. कवायतीचं पुस्तक जसं करायचं असतं, तशी ही करायची. साधारण तीस दिवस, एकांतात, मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली. सैनिकाने आत्म्यासाठी लिहिलेली तालीम, असं म्हटलं तरी चालेल.

तिच्या आरंभीच एक गोष्ट मांडली आहे. आजारापेक्षा आरोग्य, गरिबीपेक्षा श्रीमंती, अपमानापेक्षा मान, अल्पायुष्यापेक्षा दीर्घायुष्य असं काहीही आधीच मागून बसायचं नाही. ज्याने ईश्वराची सेवा अधिक घडेल ते घ्यायचं, एवढंच. या अवस्थेला तो जो शब्द वापरतो त्याचं मराठी करताना ‘उदासीनता’ हाच शब्द समोर येतो, आणि आपल्या बोलीत त्या शब्दाचं भलतंच झालं आहे. उदास म्हणजे खिन्न, तोंड पाडून बसलेला. मुळात उद् आणि आसीन, वर बसलेला. जिथून दोन्ही बाजू सारख्या दिसतात अशा जागी बसलेला. इग्नेशियसला तेच हवं आहे. निर्णय घ्यायची वेळ आली की माणसाने तराजूच्या काट्यासारखं मधोमध उभं राहावं, असं तो सांगतो. काटा मेलेला नसतो. उलट, केसाएवढं वजन पडलं तरी हलतो. पण वजन पडण्याआधी तो कुठेच कललेला नसतो.

हे साधायचं कसं? त्यासाठी त्याने दिलेल्या युक्त्या मला फार चतुर वाटतात. एक म्हणजे, तुझ्यासारख्याच पेचात सापडलेला एक अगदी अनोळखी माणूस डोळ्यांपुढे आण. त्याला काय सल्ला देशील? तोच स्वतःला दे. दुसरी, तू मरणशय्येवर आहेस असं समज. त्या वेळी आपण काय निवडलेलं असावं असं तुला वाटेल? आणि तिसरी तर खास गोष्ट आहे, तीन माणसांची. तिघांनाही दहा दहा हजार डुकाट मिळाले आहेत आणि तिघांनाही त्या पैशात जीव अडकल्याची टोचणी आहे. पहिला म्हणतो, ही आसक्ती सुटायला हवी. आणि मरेपर्यंत नुसतं म्हणतच राहतो. दुसऱ्यालाही आसक्ती सुटायला हवी आहे, पण पैसा मात्र राहायला हवा; म्हणजे देवाने त्याच्या सोयीच्या जागी चालत यावं अशी त्याची अपेक्षा. तिसरा? तिसरा पैसा टाकून देतो असं तुम्हाला वाटलं असेल, मलाही वाटलं होतं. पण नाही. तिसरा म्हणतो, ठेवायचा की टाकायचा यातलं काहीच मला आपल्या मनाने नको. सेवेला जे लागेल ते होऊ दे. टाकण्याची हौससुद्धा एक आसक्तीच, हे त्या जुन्या शिपायाला कळलं होतं. आपल्याकडे दुसऱ्या प्रकारची माणसं फार, आणि टाकण्याचा डौल मिरवणारीही कमी नाहीत. इग्नेशियसने दोघांनाही नापास केलं.

या तालमीची परीक्षा कशी होई त्याचा एक नमुना. १५४० च्या मार्चमध्ये पोर्तुगालच्या राजासाठी रोमहून दोन माणसं हिंदुस्थानाकडे निघायची होती. त्यातला बोबादिया नावाचा सोबती ऐनवेळी आजारी पडला आणि राजाचा वकील तर निघण्याच्या तयारीत. इग्नेशियसने झेवियरला बोलावून विचारलं. झेवियर तयार झाला आणि दुसऱ्या दिवशी निघाला. जाण्याआधी जुने कपडे ठिगळं लावून शिवून घेतले, एवढीच काय ती तयारी. पॅरिसमध्ये एका खोलीत राहिलेले हे दोघे मित्र त्यानंतर एकमेकांना कधीच भेटले नाहीत. आयुष्याला असं वळण, आणि कारण काय, तर तिसऱ्याच माणसाला आलेला ताप!

इथे एका शब्दाकडे वळायला हवं. मिशन. आपल्या कानाला हा शब्द मिशन हॉस्पिटल, मिशन कंपाउंड, मिशनची शाळा अशा इमारतींसकट येतो. पण लॅटिनमध्ये ‘मिसिओ’ म्हणजे पाठवणं. जेझुइटांच्या आधी धर्मशास्त्रात हा शब्द मुख्यतः पित्याने पुत्राला जगात पाठवलं या अर्थाने वापरत. माणसांना कामगिरीवर धाडण्यासाठी तो रुळवला तो या संघाने. त्यांची चौथी शपथ नेमकी याच बाबतीतली आहे, पोप पाठवील तिथे जाण्याची. तेव्हा मिशनला मराठी शब्द शोधायचा तर तो आपल्या घरातच आहे. पाठवणी.

मांडवाच्या दारात मुलीची पाठवणी होते तेव्हा आपण कुणी म्हणत नाही, की तिची माहेरची माया संपली. घर बदलतं, कूस बदलत नाही. जेझुइटाचंही तसंच. तो नाव टाकत नाही, श्राद्ध करत नाही, आणि मुख्य म्हणजे पत्र लिहिणं सोडत नाही. उलट पत्र लिहिणं हा त्याच्यावरचा नियमच आहे. पांगलेल्या माणसांची मनं बांधून ठेवायला पत्रांशिवाय साधन नाही, हे इग्नेशियसने ओळखलं होतं. त्याची स्वतःची सुमारे ६,८०० पत्रं आज उपलब्ध आहेत. सोडायला शिकवणाऱ्या माणसाने जमवलेला हा पत्रांचा डोंगर पाहिला, की झेवियरच्या कात्रीचं नवल थोडं कमी होतं, आणि थोडं वाढतंही.

कारण ती पत्रं यायची कशी, ते पाहा. लिस्बनहून गलबतं मार्च-एप्रिलमध्ये सुटत, म्हणजे आफ्रिकेला वळसा घालून पलीकडे पोचेपर्यंत नैर्ऋत्येचे मोसमी वारे शिडात मिळावेत. सगळं जमलं तर सप्टेंबर-ऑक्टोबरात गोवा. परतीची गलबतं थंडीच्या दिवसांत, वारा उलटल्यावर. म्हणजे एका प्रश्नाला उत्तर मिळायला दीड-दोन वर्षं, आणि झेवियरसारखा माणूस गोव्याच्याही पुढे बेटांवर किंवा जपानात असेल तर आणखी किती. वारा चुकला की सगळंच हुकलं. खुद्द झेवियर ७ एप्रिल १५४१ ला, त्याच्या पस्तिसाव्या वाढदिवशी, लिस्बनहून निघाला. मोझांबिकला अडकून पडला आणि गोव्यात उतरला ६ मे १५४२ ला. तेरा महिने.

२८ जून १५५३ रोजी इग्नेशियसने रोममध्ये बसून झेवियरला पत्र लिहिलं, की आता परत ये. आज्ञाच होती ती. झेवियर चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांचियान बेटावर ३ डिसेंबर १५५२ ला वारला होता. जवळजवळ सात महिने उलटून गेले होते, आणि रोममधल्या मित्राला पत्ताच नव्हता. जिवंत समजून लिहिलेलं ते पत्र पूर्वेकडे निघालं.

आता ज्याच्यासाठी मी एवढं लांबण लावलं त्या माणसाकडे येतो. तो झेवियरइतका प्रसिद्ध नाही, त्याला चांदीची पेटी नाही, पण मराठी माणसाचं त्याच्याशी थेट देणंघेणं आहे. थॉमस स्टीफन्स. जन्म १५४९ चा, इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातल्या बुश्टन गावचा. त्या काळात इंग्लंडात कॅथलिक असणं म्हणजे चोरून जगणं. थॉमस पाउंड नावाच्या त्याच्या मित्राने आणि त्याने मिळून रोमला जाऊन जेझुइट व्हायचा बेत केला. पाउंड पकडला गेला. स्टीफन्स एकटाच रोमला पोचला आणि १५७५ मध्ये संघात दाखल झाला. तिथून त्याने वरिष्ठांकडे विनंती केली, की माझ्या तुरुंगातल्या मित्रालाही संघात घ्या. ती मान्य झाली, आणि पाउंड तुरुंगात बसल्या बसल्या जेझुइट झाला. पुढे त्याने आयुष्याची जवळजवळ तीस वर्षं वेगवेगळ्या कोठड्यांत काढली. एकाची पाठवणी सातासमुद्रापार आणि दुसऱ्याची चार भिंतींच्या आत.

४ एप्रिल १५७९ ला लिस्बनहून पाच गलबतं निघाली, त्यांतल्या एकावर स्टीफन्स होता. २४ ऑक्टोबरला तो गोव्यात उतरला आणि १० नोव्हेंबरला त्याने बापाला पत्र लिहिलं. हे पत्र वाचताना माणूस समोर उभा राहतो. उपदेश जवळजवळ नाहीच, सगळं कुतूहल. उत्तर-दक्षिण किती आलो ते सूर्य मोजून कळतं, पण पूर्व-पश्चिम किती आलो ते सांगणारी स्थिर खूण आभाळात नाही, ही खलाशांची अडचण तो बापाला समजावून सांगतो. हिरड्या सुजतात, पाय फुगतात, सगळं अंग ठणकतं, अशी स्कर्व्हीची लक्षणं सांगतो, आणि पुढे लिहितो की दीडशेहून जास्त माणसं आजारी पडली, मेली फक्त सत्तावीस, आणि इतर खेपांच्या मानाने हे काहीच नाही असं इथे समजतात. मग हिंदुस्थान जवळ आल्याच्या खुणा येतात. ओळखीचे पक्षी. पाण्यावर तरंगणाऱ्या माडाच्या झावळ्या. लाटांवर पोहणारे साप. नाण्याएवढं गोल असं काहीतरी पाण्यात दिसतं त्याचीही तो नोंद करतो. शेवटी तो माडापाशी येतो आणि हरखून जातो. याच्यापासून तेल निघतं, दारू निघते, गूळ, शिरका, दोर, पानांची छपरं, चटया, केरसुण्या, लाकडाची गलबतं! कोकणातल्या वाचकाला हसू येईल. शेंबडं पोरही सांगेल असं हे ज्ञान. पण सतरा दिवसांपूर्वी उतरलेला, सहा महिने समुद्रात हेलकावे खाल्लेला माणूस ही यादी बापाला लिहितो आहे, हे लक्षात घ्या. परत भेट नाही हे दोघांनाही ठाऊक असणार. त्या पत्राचा निरोप माडाच्या झाडामागे लपला आहे, असं मला वाटतं.

चार वर्षांनी, २४ ऑक्टोबर १५८३ ला, त्याने पॅरिसमधल्या भावाला लॅटिनमध्ये पत्र लिहिलं. त्यात जाता जाता एक वाक्य आहे, की इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी दिसते. विल्यम जोन्सने कोलकात्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका मुळातून निघाल्याचं मांडलं ते १७८६ मध्ये. त्याच्या दोनशे तीन वर्षं आधी गोव्यातल्या साष्टीच्या एका पाद्र्याच्या कानाला हे जाणवलं होतं, आणि भावाला खुशाली कळवताना त्याने ते लिहूनही टाकलं. पत्र छापलं गेलं थेट विसाव्या शतकात.

पण त्याच पत्रात दुसरी एक हकिगत आहे, आणि ती टाळून पुढे गेलो तर मी लबाडी केली असं होईल. त्या वर्षीच्या जुलैत साष्टीतल्या कुंकळ्ळी गावात पाच जेझुइटांना गावकऱ्यांनी ठार केलं. त्यांत रोदोल्फो आक्वाविवा होता, नुकताच अकबराच्या दरबारातून परतलेला. मृतदेह ताब्यात घ्यायला गेलेल्यांत स्टीफन्स होता. चर्चने त्या पाचांना हुतात्मे म्हटलं. पण कुंकळ्ळीकरांचा राग आकाशातून पडला नव्हता. साष्टीतली देवळं सरकारी हुकमाने पाडली गेली होती. पुढे गावच्या प्रमुखांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथे कापलं.

विचार केला की अंगावर काटा येतो. स्वतःच्या खुशीने घरदार सोडून आलेली माणसं, आणि त्यांच्यामागून आलेल्या सत्तेने ज्यांना आपलं सगळं सोडायला लावलं ती माणसं, एकाच भूमीवर समोरासमोर. कुशस्थळीचा मंगेश झुआरी ओलांडून प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. पोर्तुगिजांचा अंमल नसलेल्या अंत्रुज महालात लोकांनी आपले देव वाहून नेले. त्यांचीही ती पाठवणीच होती, पण कुणी तीस दिवसांची तालीम दिली नव्हती, कुणी कौल मागितला नव्हता. आणि गोव्यात इन्क्विझिशन आणावं, अशी मागणी पोर्तुगालच्या राजाकडे करणाऱ्यांत खुद्द झेवियर होता. १५६० मध्ये ते आलंही. सह्यांचे कपटे जपणारा हात आणि ती मागणी लिहिणारा हात एकच. तराजूचा काटा स्वतःपुरता कितीही मधोमध असला, तरी तराजू कुणाच्या दुकानात टांगला आहे हेही पाहावं लागतं.

साष्टीतच स्टीफन्सची उरलेली जवळजवळ चाळीस वर्षं गेली. नव्याने बाटलेल्या लोकांचे देव गेले, देवळं गेली, आणि पोथ्याही गेल्या. संध्याकाळी वाचायचं काय? ओवी कानात घोळवत वाढलेल्या माणसाला कोरडी प्रश्नोत्तरं पुरत नाहीत. स्टीफन्सच्या ग्रंथातच एक ब्राह्मण ख्रिस्ती अशी विचारणा करतो, की आमची जुनी पुराणं गेली, मग आम्हाला नवं काही द्या. त्या मागणीतून उभं राहिलं ‘ख्रिस्तपुराण’. दोन भाग, अकरा हजारांच्या आसपास ओव्या, १६१६ मध्ये रायतूरच्या छापखान्यात छापलेलं. नागरी खिळे नव्हते म्हणून मराठी ओव्या रोमन लिपीत छापल्या. त्यात स्वर्गाला वैकुंठ म्हटलं आहे. एकनाथ महाराज १५९९ मध्ये पैठणला समाधिस्थ झाले, तेव्हा स्टीफन्सला गोव्यात येऊन वीस वर्षं झाली होती. ओवी जेव्हा गोदावरीकाठी भरात होती, तेव्हाच ती एका इंग्रजाच्या तोंडी बसत होती. मराठीची थोरवी सांगणाऱ्या त्याच्या ओव्या आपण शाळेत पाठ केल्या, इतक्या, की त्या म्हणणारा माणूस तिशीत मराठी शिकला हे विसरूनच गेलो.

मला नवल वाटतं ते इथे. सगळं सोडायची तालीम घेतलेला माणूस, घर सुटलं, बाप सुटला, भाऊ सुटला, मित्र तुरुंगात, मायबोली बोलायला आसपास माणूस नाही (१५८३ मध्ये पकडून आणलेले चार इंग्रज सुटावेत म्हणून त्याने खटपट केली, ते कदाचित कित्येक वर्षांत ऐकलेले पहिले इंग्रजी शब्द असतील), आणि हा माणूस पडतो कशाच्या प्रेमात, तर एका भाषेच्या! नुसतं काम भागवायचं असतं तर व्याकरण पुरलं असतं. तेही त्याने लिहिलंच. कोकणीचं व्याकरण, त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये छापलेलं. पण अकरा हजार ओव्या काम भागवायला कुणी लिहीत नाही. रिकाम्या झालेल्या हातात काहीतरी आलं, आणि त्याने ते घट्ट धरलं. इग्नेशियसच्या तीन माणसांतला हा कितवा, हे मला ठरवता येत नाही.

पाठवणीला दुसरी बाजू असते, ती मांडवात मागे उरणाऱ्यांची. स्टीफन्सच्या बापाने ते पत्र वाचून काय म्हटलं, याची कुठे नोंद नाही. सोडणारा लिहितो, ज्याला सोडलं त्याच्या हाती लेखणी क्वचित येते. मराठीत मात्र ती एकदा आली आणि काय जोरकस आली! नारायण वामन टिळक १८९५ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंना कुणी विचारलं नव्हतं. जवळजवळ पाच वर्षं त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या, मग सोवळं-ओवळं सांभाळत त्यांच्याजवळ आल्या, आणि मग १९०० मध्ये स्वतःच्या पायांनी चालत त्याच पाण्यात उतरल्या. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना टिळकांचं वैराग्य आपल्याला स्वयंपाकघरातून दिसतं. महिन्याचे पैसे कुणाला तरी देऊन टाकणारा नवरा हा संत असतो, हे खरं. पण डबे कुणी तरी उघडून बघायचे असतात. लक्ष्मीबाई रडत नाहीत, हसवतात, आणि हसवता हसवता हिशेब मांडतात. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरीही सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभा केला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांसाठी. मिशनसाठी घर सोडणारे पुष्कळ; ख्रिस्तासाठी मिशन सोडणारा हा विरळा. दोन वर्षांत ते गेले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचं काव्य अपुरं राहिलं होतं, ते पुरं केलं लक्ष्मीबाईंनी.

टिळकांनी सोडलेलं ते अमेरिकन मराठी मिशन. त्याच मिशनमध्ये आयुष्य घालवून अमेरिकेला परतलेले जस्टिन ॲबट हे आणखी एक पाठवलेले आणि मग अडकलेले गृहस्थ. निवृत्तीनंतर ते करत काय होते, तर तुकाराम, एकनाथ, बहिणाबाई यांची इंग्रजी भाषांतरं. स्टीफन्सच्या पुराणाचा शेवटचा धागा त्यांच्या हाती लागला.

त्याचं असं झालं. १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने स्थानिक भाषेवर बंदी घातली आणि तीन वर्षांत सगळ्यांनी पोर्तुगीज बोलावं असा हुकूम काढला. ख्रिस्तपुराणाच्या सतराव्या शतकातल्या तीनही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज कुठे सापडत नाही. ग्रंथ टिकला तो हातांनी उतरवून घेणाऱ्यांमुळे. गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी पोथ्या बरोबर नेल्या. तिथेच १९०७ मध्ये जोसेफ सालढाणा यांनी त्यांवरून ग्रंथ पुन्हा छापला, रोमन लिपीतच. आणि १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ॲबट यांना लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत, विल्यम मार्सडेन नावाच्या संग्राहकाच्या बाडांमध्ये, या पुराणाचं हस्तलिखित आढळलं. देवनागरीत. रोमन प्रतीत जिथे पोर्तुगीज धर्मशब्द आहेत तिथे संस्कृत शब्द वापरलेलं. मूळ ते हेच की नंतरचं रूपांतर, यावर पंडित अजून वाद घालतात.

स्टीफन्स १६१९ मध्ये गोव्यात वारला. इंग्लंडला तो परतला नाही. बापाला लिहिलेलं त्याचं ते माडाचं पत्र हॅक्लूट नावाच्या इंग्रजाने आपल्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापलं, लंडनमध्येच. त्या संग्रहाच्या जुन्या प्रती ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि तिथून पायी जाण्याच्या अंतरावर हे देवनागरी बाड आहे. पत्र बापाला वाचता आलं असेल. बाडातलं एकही अक्षर त्याला लागलं नसतं.